हलक्या हाताचे कसब : लॉकपिकिंगची अवजारे आणि सराव

दाराच्या नेहमीच्या कुलपात किल्ली फिरते, तेव्हा आतल्या पाच-सहा पिनांच्या जोड्या एका रेषेवर आलेल्या असतात. 1861 मध्ये अमेरिकेतील धाकट्या लायनस येल यांनी पेटंट घेतलेली ही रचना आजही सर्रास वापरात आहे आणि छंद म्हणून कुलपे उघडायला शिकणारे बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. प्रत्येक जोडीतील खालची पिन किल्लीच्या दातांवर टेकते, वरची पिन स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरते, आणि दोघींमधली फट प्लगच्या, म्हणजे किल्ली ज्यात शिरते त्या फिरत्या नळकांड्याच्या, कडेशी जुळली की प्लग वळतो.

किल्लीशिवाय हे साधते, कारण पिनांची भोके कितीही काळजीपूर्वक पाडली तरी अगदी एका ओळीत येत नाहीत. त्यामुळे प्लगला वळवणारा किंचित दाब दिला, की सगळ्या पिना एकदम न अडकता एखादीच आधी अडकते. तिला नेमक्या उंचीपर्यंत उचलले की प्लग केसभर सरकतो आणि दुसरी पिन अडकते. अडकलेली पिन कोणती, हे बोटांना कळणे हाच या छंदाचा गाभा आहे.

बाजारात वीस-तीस अवजारांचे संच मिळतात आणि नवख्याला त्यांचा मोह पडतो. त्यांतली बरीचशी पाकिटातून कधी बाहेरही निघत नाहीत. सुरुवातीला एक आखूड हुक (पिन उचलणारे, टोक वळवलेले अवजार), थोडा उंच असा दुसरा हुक, एखादा रेक (नागमोडी टोकाचे अवजार) आणि प्लगला वळवणारा दाब देणारे, वेगवेगळ्या जाडीचे तीन-चार टेन्शन रेंच पुरतात. किल्लीची खाच ऐसपैस असेल तर सुमारे 0.6 मिलिमीटर जाडीचा हुक टिकाऊ ठरतो. अरुंद, नागमोडी खाचेत मात्र 0.4 मिलिमीटरच्या आसपासचाच फिरू शकतो. रेक पुढेमागे घासून साधे कुलूप कधी कधी क्षणात उघडते, पण त्यातून हाताला फारसे काही शिकायला मिळत नाही.

खरी निवड करायची ती टेन्शन रेंचची. पिनांच्या बाजूच्या कडेला घट्ट बसणारी चपटी पट्टी घेतली, तर हुकासाठी उरलेली खाच मोकळी राहते आणि बोटांना प्लगची हालचाल अधिक स्पष्ट जाणवते. दाब अगदी हलका असावा. जोर लावला की सगळ्याच पिना जखडतात आणि प्रमाणाबाहेर उचललेली पिन खालीही येत नाही. इंग्लंडमध्ये 1818 साली जेरेमाया चब यांनी पेटंट घेतलेले ‘डिटेक्टर’ कुलूप तर नेमकी हीच चूक पकडत असे: आतली लिव्हर नावाची पट्टी जास्त उचलली गेली की ते अडकून बसे आणि मालकाला छेडछाडीचा सुगावा लागे. 1851 मध्ये अमेरिकन कारागीर आल्फ्रेड हॉब्स यांनी ते 25 मिनिटांत उघडून दाखवले. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराच्या कुलपासाठी मात्र त्यांना 16 दिवसांत विभागलेले 51 तास लागले.

सरावासाठी पारदर्शक प्लास्टिकची कुलपे घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो तितकासा पटत नाही. रचना समजण्यापुरती ती ठीक आहेत, पण तिथे काम डोळेच करतात. त्यापेक्षा पिना काढता-घालता येतील असे धातूचे सिलिंडर घ्यावे, दोनच जोड्या ठेवून सुरुवात करावी आणि हात बसल्यावर एकेक वाढवावी. पुढे मध्ये खाच असलेल्या ‘स्पूल’ पिना घालाव्यात. त्यांवर प्लग बराच वळून थांबतो आणि कुलूप उघडल्याचा भास होतो. अशा वेळी दाब सैल करत पिन उचलावी लागते, तेव्हा प्लग किंचित उलटा सरकताना बोटांना जाणवतो.

आपल्याकडील बऱ्याच जाड कुलपांत पिनांऐवजी लिव्हर असतात. लांब दांडी आणि टोकाला खाचा पाडलेले पाते, अशी किल्ली दिसली की ही अवजारे बाजूला ठेवावीत. तिथली साधनेच निराळी.

जगभरचे छांदिष्ट दोन नियम पाळतात: कुलूप स्वतःचे असावे किंवा मालकाची परवानगी असावी, आणि ते वापरातले नसावे. दुसऱ्या नियमामागचे कारण निव्वळ यांत्रिक आहे. किल्लीविना प्लग अर्धा फेरा फिरला, तर काही कुलपांत वरच्या पिना किल्लीच्या खाचेत घसरतात, प्लग तिथेच रुतून बसतो आणि मूळ किल्लीही आत जात नाही.