उणे ८१ म्हणजे किती?

मंडळी, सोलापुरात वायफायची तक्रार एका वाक्यात येते: 'काय बे, रेंजच नाही!' त्यावरचा उपायही ठरलेला. चार अँटेनांचा मोठा राउटर आणायचा. मीही आणला होता. आता माळ्यावर आहे.

गेल्या महिन्यात साखर पेठेत एका ओळखीच्या घरी गेलो. पुढं बैठक, मागं यंत्रमागांची शेड, मधे दीड हात जाडीची दगडमातीची भिंत, वर माळवद. पोरं वायर ओढतात म्हणून राउटर लोखंडी कपाटात, दार अर्धं उघडं! फोनवरच्या ॲपमध्ये बैठकीत आकडा दिसला उणे ५१, शेडमध्ये उणे ८१. मालक म्हणाले, "उणे म्हणजे बंदच की."

बंद नव्हे. हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा, डीबीएम या एककात असतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलीवॅट. राउटर साधारण २० डीबीएमनं बोलतो, म्हणजे १०० मिलीवॅट. फोनपर्यंत पोचेस्तोवर त्यातला नावालाच अंश उरतो, म्हणून आकडा शून्याखाली जातो. आणि इथंच माणूस फसतो. ५१ आणि ८१ यांत फरक तिसाचा वाटतो. पण आकडा दहानं उतरला की ताकद दहावा हिस्सा होते. दहा, शंभर, हजार. शेडमध्ये बैठकीच्या एक हजारावा हिस्सा पोचत होता. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास तरी लागतं. फोनवरच्या काड्यांवर मात्र विसंबू नका. किती आकड्याला किती काड्या, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते.

मालकांच्या पुतण्यानं सेटिंगमध्ये जाऊन राउटरची पॉवर दुप्पट केली. आकडा उणे ८१ वरून उणे ७८ वर आला. दुप्पट ताकदीला तीनच मिळतात, हिशेब बरोबर. पण व्हिडिओ तिथंच गोल गोल फिरत राहिला.

का? मागांची खटखट चालू असताना मालक दारातून ओरडतो, "बॉबिन बदल!" कामगाराला ऐकू जातं. तो तिथूनच म्हणतो, "बदलली." मालकाला काही कळत नाही, तो पुन्हा ओरडतो. वायफायचं अगदी असंच आहे. माहितीचा तुकडा मिळाला की फोन उलट पोच देतो. फोनचा आवाज असतो साधारण १५ डीबीएमचा, तीसेक मिलीवॅट. पोच राउटरला ऐकू आली नाही, की तोच तुकडा पुन्हा पाठवतो, तोही हळू वेगानं. राउटरचा घसा वाढवलात, फोनचा कुठं वाढला?

मग राउटर कपाटातून काढला आणि शेडच्या दाराच्या चौकटीवर ठेवला. पॉवर पुन्हा पहिल्यासारखी केली. तोच फोन, तीच जागा. फोन बदलला तर आकडाही चार-पाचनं हलतो, म्हणून हे सांगतोय. उणे ६८.

"म्हणजे कपाटच खात होतं?" मालकांनी विचारलं.

कपाट आणि भिंत, दोघं मिळून. शेडच्या पार टोकाला अजूनही रडगाणं होतं. तिथं केबल नेऊन दुसरा वायफाय पॉइंट बसवा म्हटलं. भिंतीला भोक पाडायला गवंडी आला. दोन तास लागले त्याला. वायफाय काय, छिन्नीसुद्धा आत जाईना.