क्षयाचा जंतू खातो तरी काय?

(दृश्य: मायक्रोस्कोपखालची काचपट्टी. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल कांड्या.)

हा क्षयाचा जंतू. थुंकीची काचपट्टी आधी लाल रंगात बुडवतात, मग आम्लाने धुतात. बाकी बहुतेकांचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. कारण याच्या अंगावर मायकोलिक आम्लांचं जाड, मेणचट आवरण आहे.

१८८२ सालच्या २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला. १९५२ साली आयसोनियाझिड हे औषध आलं. ही गोळी आजही दिली जाते आणि तिचा घाव बसतो तो या आवरणावरच. आवरण तयार करणारं ‘इन-एच-ए’ नावाचं एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ती बंद पाडते. गंमत अशी, की त्या एन्झाइमचा छडा लागला तो १९९४ साली. चाळीसेक वर्षं औषध रोग बरा करत होतं, पण ते नेमकं कुठे लागू पडतं ते पक्कं माहीत नव्हतं.

आता एवढी वाट पाहून चालणार नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू मुंबईतल्या डॉक्टरांना काही नवीन नाहीत. घाव घालायला नव्या जागा हव्यात. त्या शोधायच्या कुठे?

(दृश्य: पडद्यावर सरकणारी जनुकांची यादी.)

१९९८ साली या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. डीएनएची ४४ लाख अक्षरं, सुमारे ४,००० जनुकं. कोणतं जनुक कोणतं एन्झाइम बनवतं आणि ते एन्झाइम कशाचं काय करतं, हे त्यातल्या बऱ्याच जनुकांबाबत सांगता येऊ लागलं. मग या सगळ्या रासायनिक क्रिया एकत्र मांडून कॉम्प्युटरमध्येच जंतू उभा करता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला.

अडचण एकच, पण मोठी. कोणतं एन्झाइम किती वेगाने चालतं, हे फारसं कुणी मोजलेलं नाही. त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते: वेग विचारूच नका. वाण्याच्या वहीसारखा नुसता जमाखर्च बघा. पेशीत जो पदार्थ जितका तयार होतो, तितकाच खर्च व्हायला हवा. शिल्लक काही उरायची नाही. एवढा नियम लावायचा, बाहेरून किती अन्न येतं ते सांगायचं आणि कॉम्प्युटरला विचारायचं, की या बंधनांत पेशी जास्तीत जास्त किती वाढेल? या पद्धतीला ‘फ्लक्स बॅलन्स अॅनालिसिस’ म्हणतात.

मग एक जनुक काढून टाकायचं. म्हणजे त्याच्या क्रियेपुढे शून्य लिहायचं आणि गणित पुन्हा सोडवायचं. वाढ तेवढीच राहिली, तर जंतूला दुसरी वाट सापडली. वाढही शून्यावर आली, तर ते जनुक जंतूच्या मर्माचं. प्रयोगशाळेत या जंतूची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे लागतात. इथे उत्तर काही क्षणांत येतं.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक रमण, प्रीती राजगोपालन आणि नागसुमा चंद्रा यांनी २००५ साली हेच केलं, पण पूर्ण जंतूचं नाही. त्यांनी फक्त मायकोलिक आम्लांचा मार्ग घेतला: २१९ क्रिया, १९७ पदार्थ, २८ प्रथिनं. एकेक जनुक काढून पाहिलं. माणसातल्या प्रथिनांशी फार जुळणारी नावं गाळली, नाहीतर औषध रुग्णालाच बाधायचं. जुनं इन-एच-ए यादीत आलं, म्हणजे गणित भरकटलेलं नव्हतं. सोबत याच मार्गातल्या ‘पीकेएस-१३’ या दुसऱ्या एन्झाइमचंही नाव होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच पीकेएस-१३ ला अडवणारं रसायन उंदरांवर वापरलं, आणि ते आयसोनियाझिडच्या तोडीचं ठरलं. याचं सगळं श्रेय त्या गणिताला देता येणार नाही; पीकेएस-१३ वाचून जंतूचं चालत नाही, हे प्रयोगांतूनही दिसलेलं होतं. पण यादी चुकली नव्हती, हे खरं.

२००७ साली पूर्ण जंतूच्या दोन प्रतिकृती आल्या. एक कॅलिफोर्नियातून, ६६१ जनुकांची. दुसरी इंग्लंडच्या सरे विद्यापीठातून, ७२६ जनुकांची.

(दृश्य: प्रयोगशाळेतली काचेची बाटली, पातळ द्रावण.)

खरी मेख इथून पुढे आहे. कॉम्प्युटरला अन्न आपण सांगतो. आणि अन्न बदललं, की मर्माची जनुकंही बदलतात.

प्रयोगशाळेत हा जंतू वर्षानुवर्षं ग्लिसरॉलवर (म्हणजे ग्लिसरीनवर) वाढवत आले आहेत. २०१० साली सिंगापूरमधल्या एका गटाने आपला अनुभव जाहीर केला. त्यांच्या हाती काही रसायनं लागली होती. बाटलीत ती जंतूला हमखास मारत. उंदरांवर मात्र काहीच परिणाम नाही. शोध घेतला तेव्हा कळलं, की ही रसायनं जंतू ग्लिसरॉल खात असेल तरच मारतात. ग्लिसरॉलपासून बनलेला एक पदार्थ पेशीत तुंबतो आणि जंतूची ऊर्जा संपते. उंदराच्या फुप्फुसात जंतू ग्लिसरॉलवर जगतच नव्हता. आणि ‘तुंबणं’ म्हणाल, तर आपल्या जमाखर्चात शिल्लक उरतच नाही असं गृहीत धरलेलं. म्हणजे ही गोष्ट त्या गणितालाही दिसली नसती.

मग फुप्फुसात तो खातो काय? स्निग्धाम्लं (चरबीचे घटक) आणि कोलेस्टेरॉल, असं बरेच प्रयोग सांगत होते. स्निग्धाम्लांवर जगायला लागणारी आयसोसायट्रेट लायेझ या एन्झाइमची दोन्ही रूपं काढून टाकली, तर जंतू उंदरात टिकतच नाही, हे २००५ साली दिसलं. पण आहार तेवढाच नव्हता. सरेच्या डॅनी बेस्टे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या भक्षक पेशींना (जंतू गिळणाऱ्या, पण ज्यांच्या आत हा जंतू जगतो अशा पेशींना) जड कार्बनची खूण असलेलं अन्न दिलं आणि ती खूण आतल्या जंतूत कुठे कुठे पोचते ते तपासलं. २०१३ साली उत्तर आलं: आहार मिश्र आहे. त्यात अॅलनीन, अॅस्पार्टेट, ग्लुटामेट ही अमिनो आम्लंसुद्धा आहेत.

पुढे नायट्रोजनची खूण वापरून २०१९ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. सेरीन हे अमिनो आम्ल जंतूला आपल्या पेशीतून मिळतच नाही. ते त्याला घरीच बनवावं लागतं. त्यासाठी लागणारं फॉस्फोसेरीन ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम आता औषधासाठी संभाव्य लक्ष्य म्हणून पुढे आलं आहे.