कोऱ्या पाण्याची बाटली

नमस्कार. विषय छापलाय ‘गॅरेजभोवतीच्या भूजलाची देखरेख’ आणि मला दिलीत ४० मिनिटं. आमची नमुन्याची बाटलीही ४० मिलीलीटरचीच असते, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करतो.

बाटली काचेची, झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर. निरीक्षण विहीर म्हणजे भूजल तपासायला जमिनीत उतरवलेला पाइप. त्यातलं पाणी बाटलीत तोंडावर फुगवटा येईपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी करायची आणि टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकला, की मेहनत फुकट. बेन्झीन, टोल्युइन ही पेट्रोलमधली मंडळी उडून जायला टपलेलीच असतात. जरा मोकळी जागा मिळाली की पाणी सोडून हवेत शिरतात. मी पहिल्या दिवशी १४ बाटल्या भरल्या आणि चौदाच्या चौदा बुडबुड्यांसकट. हसू नका, समोर बसलेल्या दोघांचा आकडा मला ठाऊक आहे.

आता माझं जुनं दुखणं. नमुन्यांच्या पेटीत आणखी एक बाटली असते. तिच्यात प्रयोगशाळेतच शुद्ध पाणी भरलेलं असतं. ती जागेवर जाते, न उघडता परत येते आणि बाकीच्यांबरोबर तपासली जाते. कागदोपत्री ‘ट्रिप ब्लँक’, मी तिला कोरी बाटली म्हणतो. खर्चाला कात्री लावायची झाली की पहिली तीच जाते. “साहेब, साधं पाणी तपासायचे पैसे कशाला?” हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

कशाला, ते ऐका. एका जुन्या सर्व्हिस स्टेशनच्या आवारात आमच्या तीन विहिरी होत्या. तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या आणि चौथ्या फेरीत तिन्हींत टोल्युइन! मालकाचा चेहरा उतरला. मी मात्र, खोटं कशाला बोलू, आतून खूश. पेट्रोलची टाकी गळतेय असं पत्र लिहायलाही बसलो. पण एक गोष्ट टोचत होती. एक विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला होती, पाणी गॅरेजखाली शिरण्याआधीच्या जागी. तिथे टोल्युइन आलं कुठून? मग अहवालाचं शेवटचं पान उलटलं. कोऱ्या बाटलीतही टोल्युइन. बंद बाटलीत! शोध घेता घेता आमच्याच गाडीच्या डिकीपाशी आलो. पेटीला खेटून जनरेटरच्या पेट्रोलचा कॅन होता आणि त्याचं झाकण सैल. टाकी ठणठणीत होती, गळका होता तो आमचा कॅन. ती फेरी आम्ही पुन्हा केली, पदरमोड करून. पत्र अजून माझ्या कपाटात आहे, फाडवत नाही.

आणि ‘आम्हाला वासानेच कळतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पिण्याच्या पाण्यातल्या बेन्झीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला कळेपर्यंत तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असता. डोळ्यांचंही तेच. साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला की लगेच तेल म्हणू नका, आधी काडी फिरवून बघा. तवंगाचे पापुद्रे तुटून वेगळे राहिले तर बहुधा लोहजिवाणूंची करामत. तेल असेल तर काडीमागे पुन्हा जुळून येतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग मूळ विषय.

विहिरी किमान तीन, त्याही त्रिकोणात, एका रांगेत नाही. तिन्हींतल्या पाण्याची पातळी मोजल्यावरच प्रवाहाची दिशा कळते. जमिनीच्या उतारावर विसंबू नका, शेजारचा एखादा पंप प्रवाह स्वतःकडे ओढून घेतो. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाइपचा जाळीदार भाग पातळीच्या वरखाली दोन्हीकडे हवा. पातळी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, तेही धरून. जाळी पाण्याखाली बुडालेली असेल, तर तेल वर तरंगत राहतं आणि तुम्हाला निर्दोष अहवाल मिळतो.

पण सुटे भाग धुवायचे क्लोरीनयुक्त द्रावक उलटे वागतात. त्यांतलं ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. ते तळाकडे जातं, खालच्या घट्ट थरावर साचतं. त्याला खोल विहीर वेगळी लागते. आणि एमटीबीई, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन, पाण्यात सहज विरघळून सगळ्यांच्या पुढे धावतं. १९९६ साली अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्यापायी बंद कराव्या लागल्या.

हो, हो, आवरतो. एकच. टाकीकडे सगळे बघतात, गाडी धुतात तिथल्या फरशीतल्या जाळीकडे कोणी बघत नाही. ती शोषखड्ड्याला जोडलेली असेल, तर सांडलेलं सगळं थेट जमिनीत. अमेरिकेने असे नवे खड्डे २००० साली देशभर बंद केले. उद्या जमलं तर जाळीत थोडा रंग ओता, बादलीभर पाणी सोडा आणि पुढच्या चेंबरपाशी उभे राहा. रंग आलाच नाही, तर मला फोन करण्याआधी नकाशावर त्या जाळीभोवती एक वर्तुळ काढून ठेवा.