हिवतापाचा परजीवी डासाला कसा चकवतो

पडद्यावर दिसते आहे ती अ‍ॅनोफिलिस डासाची मादी. हिवताप झालेल्या माणसाचं रक्त पिऊन ती आत्ताच बाजूला झाली आहे. रक्ताबरोबर परजीवीही तिच्या पोटात गेलेत. पुढच्या एक-दोन दिवसांत त्यांतले बहुतेक मरतील.

डास हिवताप पसरवतो, हे आपण शाळेत शिकतो. पण डासाचं शरीरही या परजीवीशी झुंजतं, हे फारसं कुणी सांगत नाही. शास्त्रज्ञ कॅरोलिना बारियास-मुरी यांची कारकीर्द या झुंजीचा माग काढण्यात गेली आहे.

त्या मूळच्या ग्वाटेमालाच्या. जीवशास्त्राची पदवी तिथेच घेतली, डॉक्टरकीचीही. मग अमेरिकेत, अ‍ॅरिझोना विद्यापीठात, पीएच.डी.साठी विषय घेतला: डासाला रक्त पचतं कसं? विषय किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं याच आतड्यात घडणार होतं. तिथून त्या हार्वर्डला जीवशास्त्रज्ञ फोटिस काफाटोस यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि डासाची प्रतिकारशक्ती हा त्यांचा विषय झाला.

आता आतड्याची भिंत जवळून पाहू. रक्त पिऊन साधारण एक दिवस उलटला की परजीवी भिंतीतल्या एका पेशीत घुसतो. तो घुसला की त्या पेशीचं मरण ठरलेलं. ती भिंतीतून सुटते आणि आतड्याच्या पोकळीत फेकली जाते. शेजारच्या पेशी सरकून रिकामी जागा भरून काढतात. परजीवीला जगायचं, तर त्याआधी पलीकडे निसटायला हवं. बारियास-मुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे मांडलं, आणि त्याला नाव दिलं ‘टाइम बॉम्ब’.

निसटला तरी सुटका नाही. मरणाऱ्या पेशीतल्या रासायनिक क्रियांची खूण परजीवीवर राहते. पलीकडे डासाच्या रक्तद्रवात टेप-१ नावाचं प्रथिन फिरत असतं. ते खूण असलेल्या परजीवीला चिकटतं आणि त्याचा निकाल लागतो. आपल्या रक्तातही याच कुळातली प्रथिनं जंतूंवर तुटून पडतात. माणसाचं आणि डासाचं हे नातं किती जुनं असेल!

डास एवढा सज्ज असेल, तर हिवताप पसरतोच कसा? एकट्या २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं त्याने दगावली, त्यांत आफ्रिकेतली लहान मुलं सर्वाधिक.

उत्तर मिळालं २०१३ साली. बारियास-मुरी २००३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आहेत. तिथे त्यांचे सहकारी आल्व्हारो मोलिना-क्रूझ आणि त्या मिळून एका कोड्यामागे लागले होते. अ‍ॅनोफिलिस गॅम्बिया या आफ्रिकेतल्या डासाचा एक वाण परजीवींना मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या थराखाली गाडून टाकतो. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यावर काळे ठिपके दिसतात. पण या वाणात ब्राझीलचा फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाच्या सर्वांत घातक जातीचा परजीवी, मरायचा आणि आफ्रिकेतला मात्र तगायचा. जात एकच, मग फरक कशाचा? दोघांच्या संकरातून निपजलेले परजीवी तपासत शोध एका जनुकापाशी पोचला: पीएफएस-४७.

खात्री कशी केली, ते पाहण्यासारखं आहे. आफ्रिकेतल्या परजीवीतून हे जनुक काढून टाकलं, तर तोही मरू लागला. मग डासाची टेप-१ची यंत्रणा बंद पाडली, तर जनुक नसलेला तोच परजीवी पुन्हा जगला. या जनुकाचं आफ्रिकेतल्या परजीवीतलं प्रथिन असलं, की आतड्याच्या पेशीत ती खूण उमटवणारी क्रियाच दबते, आणि परजीवी डासाच्या नजरेतून सुटतो.

त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे या जनुकाची रूपं खंडागणिक वेगळी आहेत. गुलामांच्या व्यापारात माणसांबरोबर फाल्सिपेरम आफ्रिकेतून अमेरिका खंडात पोचला. तिथला डास निराळा. अ‍ॅनोफिलिस अ‍ॅल्बिमॅनस या तिथल्या डासात आफ्रिकेतला परजीवी फारसा टिकत नाही. पण त्याच्यातलं पीएफएस-४७ बदलून तिथलं रूप बसवलं, की टिकतो. २०१५ मध्ये हाच कुलूप-किल्लीचा सिद्धान्त म्हणून मांडला गेला. किल्ली, म्हणजे पीएफएस-४७, हातात होती. २०२० मध्ये कुलूपही सापडलं: डासाच्या आतड्यातलं, या प्रथिनाला जोडलं जाणारं प्रथिन.

आता पीएफएस-४७ विरुद्ध लस करता येईल का, यावर काम चाललं आहे. ही लस टोचून घेणाऱ्याला स्वतःला थेट वाचवणार नाही. त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं डासाच्या पोटात जातील, परजीवीला तिथेच अडवतील, आणि त्या डासाकडून पुढच्या माणसाला हिवताप होणार नाही. प्रयोगशाळेत अशा प्रतिपिंडांनी डासांमधला संसर्ग घटवून दाखवला आहे.