बारसं झालं आणि चोवीस तासांत दारात

नमस्कार श्रोतेहो.

3 जून 2020. श्रीवर्धनच्या आमच्या घरात दारं लावून बसलो होतो. सकाळचा वारा नेहमीचाच, पावसाच्या तोंडावर येतो तसा. दुपारी मात्र त्याचा आवाज बदलला. माड वाकतो, झावळ्या टाकतो, पुष्कळदा तगतो. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, सरळसोट, बारीक. तिला ते जमत नाही. उडणाऱ्या पत्र्यांच्या खडखडाटातही एकेक पोफळ कटकन मोडलेली कळत होती. संध्याकाळी मागच्या दाराने वाडीत, म्हणजे आमच्या बागेत गेलो, तर डोक्यावर लख्ख आभाळ! जन्मात तिथून आभाळ दिसलं नव्हतं.

त्या ‘निसर्ग’ वादळाला नाव मिळालं 2 जूनच्या दुपारी. दुसऱ्या दुपारी ते किनाऱ्याला. मला भीती वाटते ती या घाईची.

चक्रीवादळ समुद्राच्या वाफेवर जगतं. वाफेचं वर जाऊन पाणी होताना उष्णता सुटते, तीच वाऱ्याला रेटते. त्यासाठी पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं लागतं. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने थंड, म्हणून आपण निवांत होतो. आता तो मे महिन्यात तिशीच्या आसपास असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2019 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा अलीकडच्या वीसेक वर्षांत इथली चक्रीवादळं निम्म्याने वाढलेली दिसली. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे पाऊसही तसाच. अर्थात, प्रत्येक वादळ तापमानवाढीच्या खात्यावर मांडू नये. वादळं आमच्या पणजोबांनीही पाहिली. पण त्यांच्या वेळी समुद्र एवढा तापलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ कोकणाला न धडकता समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरी झाडावरचा आंबा खाली आलाच.

आणि नुकसान मोजायचं कशात? ‘निसर्ग’नंतर फळबागांना मदत जाहीर झाली हेक्टरी 50 हजार. आमच्याकडे वाडी असते दहा गुंठ्यांची, म्हणजे हेक्टरचा जेमतेम दहावा भाग. हिशेब तुम्हीच करा. तेवढ्यावर आमची रोठा जातीची सुपारी पुन्हा धरेपर्यंतची सहा-सात वर्षं काढायची.

आम्ही रोपं लावली. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही आणि सावली धरणारी मोठी झाडं तर गेलेली. म्हणून मधे केळी लावल्या. केळीचं पान साध्या वाऱ्यानेही फाटतं.