लॉबीतला फोन

नमस्कार श्रोतेहो. दारू सोडायची आहे, पण कुठे जायचं, कोणाला विचारायचं, इथेच जे अडून बसलेत त्यांच्याशी आज बोलायचंय. घरात असं कोणी असेल तर तुम्हीही ऐका.

आधी एका फोनची गोष्ट. संधी मिळेल तिथे मी ती सांगतोच.

मे १९३५. अमेरिकेतलं ॲक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा माणूस येरझाऱ्या घालतोय. ज्या सौद्यासाठी न्यूयॉर्कहून आला, तो फिसकटलाय. खिशात जेमतेम १० डॉलर. दारू सोडून पाच महिने झालेत. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी. शनिवार आहे, ओळखीचं कोणी नाही. एखादा ग्लास घेतला तर काय बिघडलं, असं मन म्हणायला लागलंय.

आणि त्याला एक गोष्ट आठवते. गेले पाच महिने तो पिणाऱ्यांना गाठून गाठून त्यांच्याशी बोलत होता. सुटली एकाचीही नाही, पण बोलता बोलता तो स्वतः मात्र कोरडा राहिला. म्हणजे आत्ता या क्षणी त्याला गरज होती ती दुसऱ्या एका पिणाऱ्याची! तो फोनकडे वळला. यादीतल्या एका पाद्रींना फोन, त्यांनी दिलेल्या नावांना फोन, एकामागून एक. शेवटी हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंनी सांगितलं, या, आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत.

हे डॉक्टर बॉब स्मिथ. शस्त्रक्रिया करणारे, आणि पिणारे. त्या दिवशी ते मातृदिनासाठी बायकोला कुंडीतलं रोप घेऊन घरी आले होते, पण इतके प्यायलेले की भेट दुसऱ्या दिवसावर गेली. रविवारी पाच वाजता आले तेही ‘पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही’ असं बजावून. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. स्वतः त्यातून गेलेला माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता.

मध्ये डॉक्टर एकदा घसरले. मग १० जूनला एका ऑपरेशनआधी त्यांचे हात थरथरत होते, ते स्थिर व्हावेत म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती शेवटची. तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापनादिन मानतात. एए म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, मीटिंगमध्ये एकत्र बसून एकमेकांना आधार देणारी.

ते हात लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आज त्यावर औषधं आहेत. आधी डॉक्टर, मग मीटिंग. पुन्हा सांगतो, आधी डॉक्टर. ‘मनात आणलं तर सुटेल’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हा आजार आहे, आणि मनात तर तो माणूस रोज सकाळी आणतच असतो.

आता मीटिंग. एएच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर आपल्या भागातली मीटिंग, वार आणि वेळ मिळते. माझं विचाराल तर फोनच करा. अशा वेळी लिहिलेल्या निरोपापेक्षा माणसाचा आवाज हवा. हल्ली आपण एकमेकांचे आवाज ऐकणंच सोडलंय. फोनवर एवढं विचारा: मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला कोणीही बसू शकतं, घरचेही. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी.

फी नाही. आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही. बोलायची पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणा, कोणी आग्रह करत नाही. दहा मिनिटं आधी जा आणि दारातल्या माणसाला सांगा, माझी पहिलीच वेळ आहे. त्याचा चेहरा बघा. आपण त्यांना त्रास द्यायला आलोय असं वाटून कित्येक जण उंबऱ्यावरून परत फिरतात. अहो, लॉबीत फोन कोणाला हवा होता? बिलला! आतल्या जुन्या माणसांना तुमची तेवढीच गरज असते.

घरच्यांसाठी अलॅनॉन हा वेगळा गट आहे. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये तो एका मैत्रिणीबरोबर उभा केला. पिणारा मीटिंगला येवो न येवो, तुम्ही जाऊ शकता.

पहिल्या मीटिंगमध्ये मन रमलं नाही तर दुसरा गट बघा, दुसरी वेळ बघा. प्रत्येक गटाची माणसं वेगळी. आणि निघताना कोणी आपला नंबर कागदावर लिहून दिला, तर तो खिशात ठेवा. रात्री अकरालाही लावला तरी चालतो. तो त्याचसाठी दिलेला असतो.