मॅट ताणली का?

डिसेंबरातली सकाळ, पावणेसात. थंडी अशी की बॉल हातात धरवत नाही. मैदानात अजून मुलं पोचलेली नाहीत. पोचलेत ते फक्त काका, आणि त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेली खिळ्यांची पिशवी.

नागपूरच्या दोन शाळा. एक महालातली, दुसरी धरमपेठेतली. मधे बर्डी, म्हणजे सीताबर्डी. या दोघींची मॅच लागली की आठवडाभर वर्गात दुसरा विषय नसतो. वडील ज्या शाळेकडून खेळले तिच्याकडूनच आज मुलगा खेळतोय, अशी घरं दोन्हीकडे आहेत. पण यांची चुरस बघायची तर टॉसच्या बरंच आधी यावं लागतं.

हे बघा. आधी खेळपट्टी झाडायची. नागपूरची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून तिच्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून थर दाबून घेतलेला असतो. त्यावर एक खडा राहिला तरी बॉल सरळ नाकावर येतो. काका झाडूवर विसंबत नाहीत, तळहात फिरवून बघतात. मग काथ्याची मॅट उलगडते. एका टोकाला खिळे बसले की दुसऱ्या टोकाला चौघं जण लागतात आणि पाय रोवून ओढतात. त्यानंतर दोन्ही कडा. शेवटी फक्कीनं क्रीज.

मॅट घट्ट ताणली की बॉल उसळतो, अंगावर येतो. फास्ट बॉलरची चंगळ. जरा सैल सोडली की बॉल थांबून येतो, वळतो. यंदा महालाकडे चांगला लेगस्पिनर आहे, आणि मैदानही महालाचंच. म्हणून धरमपेठेचा कॅप्टन आल्या आल्या काय करतो पाहा: किटबॅग खांद्यावरच, तो वाकतो, मॅटची कड चिमटीत धरतो आणि वर खेचून बघतो. महालाचा कॅप्टन शेजारीच उभा. दोघांची नजरानजर होत नाही. काका पुन्हा हातोडा उचलतात.

मॅटची उसळी बेभरवशाची नसते. मागच्या पायावर जाऊन बॉल शेवटपर्यंत बघायला पोरगा इथं शिकतो, आणि हे शिक्षण शाळेच्या मैदानावरच व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. भारताच्या पहिल्या कसोटीचे, १९३२ सालच्या लॉर्ड्सचे कप्तान सी. के. नायडू याच शहरात १८९५ मध्ये जन्मले, इथल्या हिस्लॉप शाळेत शिकले. त्यांच्या लहानपणी देशात बऱ्याच ठिकाणी क्रिकेट मॅटवरच चालायचं. विदर्भानं रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा आणला, तो टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर खेळून. पण शाळेच्या पोराला टर्फ मिळतं कुठं?

मैदानं आक्रसली, पोरं अकादमीच्या नेटमध्ये गेली. माझ्या शाळेच्या मैदानावर आता स्कूलबस उभ्या राहतात.

मॅच महालानं जिंकली, अकरा रन्सनी.

उन्हं कलली. काका खिळे उपटतात, एकेक मोजून पिशवीत टाकतात. एक कमी भरतो. उद्या सकाळी इथंच पाचवीची मुलं अनवाणी धावणार आहेत. पांढऱ्या कपड्यांतली बावीस पोरं एका रांगेत उभी राहतात, महाल कुठला आणि धरमपेठ कुठली ते आता ओळखू येत नाही, आणि वाकून, वाळल्या गवतात बोटं घालत पुढे सरकतात. खिळा मिळाल्याशिवाय कोणी किट भरत नाही.